इंदूमामीचा दुसरा फोटो

माझ्या दामूमामाच्या जिभेला एक आवाज होता. टाळूला चिकटून अलगद सुटणारा, इवलासा ‘टक्’. कॅमेरा हातात नसताना एखादं दृश्य मनात भरलं, की तो आवाज आपसूक व्हायचा, आणि मी समजून जायचे की मामाने आत्ता कुणाचा तरी फोटो काढला. पौषातली सकाळ, इतवारीतली भांड्यांची गल्ली, पितळी गुंडांच्या चळतींवरून उतरत जमिनीपर्यंत आलेलं कोवळं ऊन, आणि त्या उन्हात हातगाडीला पाठ टेकून वाफाळता श्वास सोडणारा एखादा हमाल दिसला, की टक्. वैशाखात नागपूरचं आकाश पांढरंफटक होतं, रस्त्यावर सावली म्हणून काही उरत नाही, तेव्हा कुलरसमोरून नुकतीच उठलेली, गालावर चटईची नक्षी उमटलेली एखादी आजीबाई दारात येऊन उभी राहिली, की टक्. हा माणूस उभ्या जन्मात किती फोटो काढून बसला असेल याचा हिशेब कुणालाच लागणार नाही, कारण त्यातले निम्मे तरी त्याने असे जिभेनेच काढले होते.

त्याचा स्टुडिओ त्याच गल्लीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या माथ्यावर होता. खाली दिवसभर तपेल्यांवर ठोके पडत, टेंपोवाले एकमेकांच्या नावाने ओरडत, आणि लाकडी जिना चढून वर गेलं की कापडावर रंगवलेला एक निळा तलाव निवांत पसरलेला असे. आम्ही कोष्टी. मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तांडापेठेतल्या घरी खड्डामागावर नऊवारी लुगडी विणायचे. मामाने मागावर बसायचं सोडून कॅमेऱ्यामागे उभं राहायचं ठरवलं, तेव्हा महिनाभर घरात कुणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं. पुढे माग थांबला आणि मागाची खोली ओस पडली. मग मामाने पाय सोडून बसायच्या त्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या, खिडकीला काळं कापड ठोकलं आणि तिथे फोटो धुवायची अंधारी खोली केली. आजोबा रोज दुपारी तिच्या दाराबाहेर बसून आत काय चाललंय याचा कानोसा घेत राहायचे, आणि आपण कानोसा घेतो हे मात्र त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नाही.

कशाचा फोटो काढायचा यापेक्षा कशाचा काढायचा नाही याबद्दल मामाची मतं पक्की होती. झोपलेल्या माणसाचा तो काढत नसे, कारण झोपेत माणसाला नाही म्हणता येत नाही. घास तोंडात असलेल्या माणसाचा काढत नसे. रडणाऱ्या लेकराला खुळखुळा वाजवून हसवणं त्याला मुळीच खपत नसे. ते आपणहून गप्प होईपर्यंत तो समोर मांडी घालून बसून राही, आणि तोवर लेकराची आई पुन्हापुन्हा घड्याळाकडे बघून मेटाकुटीला येई. कुणाच्या घरी मयत झाली आणि शेवटचा फोटो काढायला बोलावणं आलं, तर तो जायचा जरूर, पण कॅमेरा घरी ठेवून. पुढाऱ्यांचे फोटो तो पोटासाठी काढी, पण त्यात जीव नसे. ते लोक आपला फोटो स्वतःच काढतात, मी फक्त बटन दाबतो, असं तो म्हणायचा.

आणि त्याला आवडायचा तो क्षण फोटोच्या नंतरचा. माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की खांदे उचलतो, श्वास रोखतो, आपल्याहून बऱ्या अशा कुणा परक्या माणसाचा चेहरा लावून बसतो; आणि ‘झालं’ म्हटलं की तो चेहरा उतरवून पुन्हा आपला होतो. म्हणून मामा बटन दाबायच्या आधीच म्हणायचा, “झालं, उठा.” समोरच्याचे खांदे सैल पडत, ओठांच्या कोपऱ्यात सुटकेचं हसू येई, आणि नेमका तेव्हा तो फोटो काढी. इतवारीतल्या कित्येक घरांत भिंतीवरचे बाप-आजे आज इतके मोकळे, इतके घरचे दिसतात, ते या एका लबाडीमुळे.

मात्र एक काम त्याच्या स्टुडिओत माझ्या आठवणीत कधीच झालं नाही, आणि ते म्हणजे लग्नासाठी मुलीचा फोटो, ज्याला आमच्याकडे दाखवायचा फोटो म्हणतात. फोटोवाल्याचं निम्मं घर ज्यावर चालतं, ते हे काम. माघ लागला की नवी साडी, नवा गजरा आणि मोठ्या भावाची चिडचिड यांच्यासह मुली जिना चढून वर येत, आणि मामा त्यांना हात जोडून पुढच्या चौकातल्या दुसऱ्या स्टुडिओचा पत्ता देई. लोक त्याला खुळा म्हणत. मलाही तो खुळाच वाटायचा, मला त्याचं कारण कळेपर्यंत. ते कारण स्वयंपाकघरात बसलेलं असायचं आणि त्याचं नाव इंदूमामी.

इंदूमामी उमरेडची. तिच्या डाव्या गालावर, कानाच्या पुढे, लहानपणापासून कोडाचा एक डाग होता, चवलीच्या नाण्याएवढा. ती बावीस वर्षांची असताना तिचे वडील तिला दाखवायच्या फोटोसाठी नागपुरात घेऊन आले, आणि आले ते नव्यानेच दुकान उघडलेल्या मामाकडे. फोटो झाल्यावर वडिलांनी मामाला जिन्यात गाठून हळूच सांगितलं की तेवढं जरा साफ करून द्या. त्या काळी हे सगळेच फोटोवाले करत. मुरुमांचे व्रण, देवीचे खड्डे, कपाळावरची आठी, काहीही निगेटिव्हवरच मिटवता यायचं, आणि मामाचा हात या कामात सगळ्यांत बारीक चालायचा. त्याने रात्र-दिवस एक करून, ब्लेडच्या टोकाने, डाग जिथे होता तिथला निगेटिव्हवरचा थर केसाकेसाने खरवडला. फोटो असा सुरेख आला की मामाने तो महिनाभर कौतुकाने सगळ्यांना दाखवला.

तो फोटो धरमपेठेतल्या एका घरी पसंत पडला. मंडळी मुलगी बघायला उमरेडला गेली, मुलगी चहा घेऊन बाहेर आली, आणि मुलाच्या आईने पिशवीतून फोटो काढून एकदा फोटोकडे आणि एकदा मुलीकडे बघितलं. तिने फोटो चहाच्या ट्रेमध्ये, कपबशांच्या शेजारी, उताणा ठेवला, आणि मंडळी उठली. डाग दिसला असता तर कदाचित कुणी आलंच नसतं, कदाचित कुणी समजून-उमजूनही आलं असतं. पण आता साऱ्या गावात बोभाटा झाला की त्यांनी फसवलं. फसवलं होतं मामाच्या ब्लेडने आणि तोंड लपवायची वेळ आली इंदूमामीवर.

ही बातमी कानावर आली तेव्हा मामा दुकानाला कुलूप लावून बसने उमरेडला गेला. माफी मागायची एवढंच त्याच्या मनात होतं. वडील शरमेने बाहेर येईनात. शेवटी मुलगीच ओसरीवर आली. ही गोष्ट सांगताना मामा दरवेळी इथे थांबायचा आणि मामीचं वाक्य तिच्याच सुरात म्हणायचा, “फोटो चांगला काढला होता तुमी. फक्त तो माहा नव्हता.” त्यानंतर मामा आणखी तीनदा उमरेडला गेला. चौथ्या खेपेला आजोबांना घेऊन गेला, मागणी घालायला.

लग्न झालं, पण त्या लग्नाचा एकही फोटो नाही, कारण नवरीने बजावून सांगितलं होतं की माझा फोटो काढायचा नाही, कुणीच नाही, कधीच नाही. भर मांडवात मामाच्या दोस्तांनी त्याची यथेच्छ टर उडवली, “काहून गा दामू, साऱ्या दुनियेचे काढते अन् स्वतःच्याच लग्नाचा नाही?” मामा नुसता हसला. त्याला वाटलं, नवी नवरी आहे, राग आहे, तो आपण ओढवून घेतलेला आहे, वर्षभरात निवळेल.

तो निवळला नाही. निदान सगळ्यांना तरी तो राग आहे असंच वाटत राहिलं. आणि तेव्हापासून त्या घरात एक नेम सुरू झाला, जो मी जन्मल्यापासून पाहत आले. सकाळी अंगणाच्या बाजूच्या खिडकीतून ऊन स्वयंपाकघरात शिरायचं; हिवाळ्यात ते लांबट होऊन मामीच्या खांद्यापर्यंत पोचायचं, उन्हाळ्यात नुसतं उंबऱ्यापाशी चटका देऊन परतायचं, श्रावणात राखाडी होऊन सगळीकडे सारखं पसरायचं. मामा हातात चहाचा कप घेऊन अंगणातल्या ओट्यावर बसायचा आणि त्या उजेडात हिंडणाऱ्या मामीकडे बघत राहायचा, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने, मग मान तिरपी करून. आणि म्हणायचा,

“आज उजेड भारी आहे वं. बस ना जराशी.”

“तुमीच बसा उजेडात. मले फोडणी टाकाची आहे.”

झालं. एवढंच. चाळीसेक वर्षं, बहुतेक रोज, याच शब्दांत. मी सुट्टीत आजोळी राहायला यायचे तेव्हा मला ही दोघांची प्रार्थनाच वाटायची, एकाने म्हणायची आणि दुसऱ्याने तोडायची.

कोड मात्र वर्षागणिक पसरत गेलं. चवलीचा रुपया झाला, मग ते गालावरून हनुवटीखाली उतरलं, मानेवर गेलं, मनगटांवर आलं, आणि मामी उतारवयाला लागली तोवर तिचा डावा गाल सबंध दुधाच्या सायीच्या रंगाचा होऊन गेला होता. तिला त्याचं काही वाटायचं नाही असं मी म्हणणार नाही. हळदीकुंकवाला एखादी बाई तिच्या हातचं पाणी घेताना घुटमळली की मामी तांब्या खाली ठेवून शांतपणे दुसरीकडे बघायची, आणि त्या बघण्यात सगळं असायचं. पण ती दबली नाही. ती इतवारीत एकटी जायची, कापडवाल्यांशी भांडायची, ज्वारीत हात घालून दाणा दाताखाली फोडायची, आणि तिच्या हसण्याला इतकी खणखणीत धार होती की इतवारीतल्या भांड्यांवरचे ठोकेही त्यापुढे फिके पडावेत. माझ्या आईपेक्षाही मी तिलाच जास्त जीव लावला, हे आई गेल्यावर आता लिहायला हरकत नाही.

मग मामाच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. आधी तो पायऱ्या चुकायला लागला, मग जेवताना पानाच्या कडेची चटणी त्याला दिसेना, आणि धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे मी त्याला घेऊन गेले तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टर भले होते, त्यांनी लपवलं नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधांनी जितकी टिकेल तितकी टिकवू, पण तीही कडांकडून मिटत मिटत जाईल, असं त्यांनी सांगितलं. त्या वेळी मामाला दिसायचं ते नळीतून पाहावं तेवढंच, मधोमध वाटीएवढं. बाकी भोवती काहीच नाही. परत येताना रिक्षात तो एकदम म्हणाला,

“शोभे, माह्या हातून तिचा एकच फोटो निघाला, अन् तोही खोटा. उद्या मी गेलो, ती गेली, तं मागं तोच राहीन. लोक म्हणतीन, अशी होती इंदू. अशी नव्हती ना वं ती.”

मी म्हटलं, “पण मामा, आता काढला तरी तुमाले तो दिसन का?”

“मले कायले पाहिजे? मी तं पाहिली आहे.”

त्या दिवसापासून त्याच्या विनवणीतली गंमत गेली. इतकी वर्षं तो नेमाने मागायचा, आता गरजेने मागू लागला. स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता, जागा एका मोबाईलवाल्याने घेतली होती. पण दोन भिंगांचा जुना कॅमेरा घरी होता, आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मचा एक शेवटचा रोल फ्रिजमध्ये मामीच्या लिंबाच्या लोणच्याशेजारी कैक वर्षं पडून होता. मोबाईलवर फोटो काढू द्या म्हटलं तर मामा ऐकेना. ज्या हातांनी बिघडवलं त्याच हातांनी करायचं, एवढंच त्याचं म्हणणं. आणि मामी काही केल्या हो म्हणेना. मी मौद्याच्या शाळेत शिकवते, शनिवारी शाळा सुटली की नागपूरला येते. दर शनिवारी मी यायचे तेव्हा मामाची नजर आणखी थोडी आखडलेली असायची आणि मामीचं उत्तर तेच असायचं.

शेवटी माझा धीर सुटला. मामी मागच्या दारी गहू निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझा आवाज चढलाच.

“काहून असं करून राहिली मामी? माणसाचे डोळे चालले. एक फोटो तं मागून राहिला तो.”

मामीने सुपातले खडे बाजूला सारले. रागावेल असं वाटलं होतं, पण ती हसली.

“कोडाची लाज वाटते म्हणून नाही म्हणतो मी, असंच वाटते ना तुले बी? का अजून रागावली आहो म्हणून? अवं, राग तं तो मागणी घालाले आला त्याच दिवशी गेला. ऐक. तुह्या मामानं हजार माणसाईचे फोटो काढले. पण फोटो निघाला का तो माणूस यायच्या मनातून उतरते. जिन्याच्या खाली गेला का यायले नावही आठवत नाही. मी पाहिलं ना, डोळ्यानं पाहिलं. अन् मले पाहा. रोज सकाळी हा माणूस मले पाहून राहिला. आज उजेड कुठून पडला, गाल कसा दिसते, उद्या कसा दिसन. अशी कोणाची बायको पाहिली जाते वं? एकडाव फोटो देऊन टाकला असता, तं संपलं असतं ना सारं.”

ज्या डागापायी तिला कुणी पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, त्या डागासकट आपल्याला रोज कुणीतरी निरखावं, ही एवढी मोठी हौस तिने एका नकारात जपली होती, आणि घरातल्या एकाही शहाण्याला त्याचा पत्ता नव्हता. मामाला तर नव्हताच. त्याला सांगू का, असं विचारलं तर तिने नकारार्थी मान हलवली. मीही सांगितलं नाही.

कार्तिक सरत आला होता. एका शनिवारी मी मुक्कामाला राहिले, म्हणून रविवारची सकाळ मला पाहायला मिळाली. ऊन नेहमीसारखं खिडकीतून आत आलं, मामीच्या खांद्यावर टेकलं. मामा ओट्यावर चहा घेऊन बसला होता. कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, आणि मामी हातात वांग्यांची ताटली घेऊन तशीच उभी राहिली. ती वाट बघत होती. मामा स्वयंपाकघराच्याच दिशेने बघत होता, पण त्याची नजर तिथवर पोचत नव्हती. ओट्यापासून खिडकीपर्यंतच्या त्या दहा पावलांत ती कुठेतरी संपली होती. आज उजेड कसा आहे हे त्याला कळलंच नव्हतं. कढईतली मोहरी काळी पडली, घरभर ठसका पसरला, तरी अंगणातून हाक आली नाही.

मामीने गॅस बंद केला. पदराने तोंड पुसलं, आणि खुर्ची उचलून अंगणात नेली. ती मामाच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर, उन्हात मांडली आणि तिच्यावर बसली.

“काढा,” ती म्हणाली.

मामाला आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्याचा कप ओट्यावर लवंडला. मी धावत जाऊन कॅमेरा आणला, फ्रिजमधला रोल आणला. तो त्याने मांडीवर ठेवून, न बघता, सराईतपणे भरला. कॅमेरा छातीशी धरून तो वरच्या काचेत डोकावला, आणि मग सुरू झाला तो शोध. सगळा चेहरा एकदम त्याच्या नजरेत मावत नव्हता. तो कपाळ शोधायचा, मग डोळे, मग ओठ; एक सापडलं की दुसरं निसटायचं. अर्धा तास गेला असेल. मामी हलली नाही. एकदाच तिने विचारलं, “हा गाल इकडं करू का?” आणि उत्तराची वाट न बघता डावा गाल स्वतःच उन्हाकडे वळवला.

“झालं. ऊठ,” मामा म्हणाला.

“मले नका शिकवू. दाबलं नाही अजून तुमी.”

आणि दोघंही हसली, आणि त्या हसण्यातच बटन दाबलं गेलं.

रोल जुना होता, मुदत उलटून गेलेला, काय निघेल याची शाश्वती नव्हती. बारा फोटो निघत होते त्यात. मी म्हटलं आणखी काढा, दोन-चार तरी. पण मामाने कॅमेरा बंद केला. “दोन काढले तं निवडावा लागते. निवडलं, म्हणजे पुन्हा खरवडल्यासारखंच झालं ना.” या माणसाच्या हट्टापुढे मी लहानपणापासून हरत आले आहे, त्या दिवशी हरताना भीतीही वाटली. हा एक फोटो बिघडला तर मामी पुन्हा बसेल, पण याचे डोळे तोवर थांबतील का, कोण जाणे.

मागाच्या खोलीत आम्ही दोघं गेलो आणि दार लावून घेतलं. फिल्म डब्यात भरताना मिणमिणता दिवासुद्धा चालत नाही. त्या गडद काळोखात मी भिंतीला चिकटून उभी होते, माझा हात मला दिसत नव्हता, आणि मामा तिथे घरभर फिरावं तसा सहज वावरत होता. इथली बाटली तिथे, तिथला डबा इथे, कुठे ठेच नाही की सांडणं नाही. बाहेर मी त्याला धरून चालवायचे, आत मीच आंधळी होते. फिल्म धुतली, वाळवली, आणि संध्याकाळी तांबड्या दिव्याखाली कागद रसायनात सोडायची वेळ आली. तांबड्या उजेडात मामाला काहीच दिसत नव्हतं. तो म्हणाला, “शोभे, तू सांगत राहा.”

मी सांगत राहिले. कागद आधी कोरा होता, बराच वेळ कोराच राहिला. मग डोळ्यांची बुबुळं आली. लुगड्याचे गडद काठ आले. हनुवटीखालची सावली आली, ओठ आले, हसताना पडलेल्या सुरकुत्या आल्या, आणि उजवा गाल हळूहळू सावळा होत भरून आला. डाव्या गालावर कागद पांढराच राहिला.

“कोड आलं का?” मामाने विचारलं.

“आलं मामा. सारं आलं. कानापासून निघून मानेपर्यंत उतरलं आहे.”

“कड कशी आहे? साफ आहे का पुसट?”

“साफ आहे.”

मग आम्ही दोघंही रडलो. मी तरी अगदी हुंदके देऊन रडले. मामीने बाहेरून दार वाजवून विचारलं की आत काय बिघडलं.

तिने फोटो हातात धरून पुष्कळ वेळ पाहिला. “म्हातारी दिसतो,” ती म्हणाली, “पण मीच आहो.” दुसऱ्या दिवशी तिने स्वतः चौकट करून आणली आणि पुढच्या खोलीत, दार उघडलं की पहिल्यांदा दिसेल अशा ठिकाणी, स्वतः खिळा ठोकून लावली. तिच्या ट्रंकेत तो पहिला फोटोही इतकी वर्षं होता, हे तेव्हा कळलं. फाडून टाकायचा का, म्हणून मी विचारलं, तर तिने मलाच दटावलं. “राहू दे बिचारीले. बावीस वर्साची आहे.”

यंदाच्या हिवाळ्यात मामाची उरलीसुरली नजरही गेली. आता त्याला दिवस आणि रात्र एवढंच कळतं, तेही कातडीला लागणाऱ्या उन्हावरून. मागच्या शनिवारी मी गेले तेव्हा दोघं अंगणात बसली होती, मामी तुरीच्या शेंगा सोलत होती आणि मामाचा हात तिच्या गालावर होता. तो बोटांनी चाचपडत होता, गालावरून कानाकडे, कानाकडून मानेकडे, पुन्हा गालावर, आणि गोंधळून गेला होता. कोड हाताला लागत नाही. डोळ्यांना दिसणारी ती सगळी सीमा कातडीला ठाऊकच नसते. तिथे सगळं सारखं, सलग, मऊ असतं. ज्या कडेसाठी त्याचा जन्मभर जीव तुटला, ती त्याच्या बोटांखाली नव्हतीच.

“कुठून सुरू होते वं?” त्याने विचारलं.

मामीने शेंगांची परात खाली ठेवली. त्याचं बोट आपल्या हातात धरलं, कानाच्या पाळीपाशी नेऊन टेकवलं, म्हणाली, “इथून,” आणि मग ते बोट सावकाश, अजिबात घाई न करता, हनुवटीकडे, मानेकडे फिरवत नेलं. मी दारातच थांबले. काळाने त्याच्याकडून तिचा चेहरा नेला होता, एक दिवस तो तिलाही नेईल आणि मग त्यालाही, मागे भिंतीवर एक फोटो उरेल, आणि त्या फोटोला हे कधीच सांगता येणार नाही की पाहणं संपल्यानंतरही तिला रोज सकाळी कुणीतरी पाहत होतं.